कमरेएवढा बर्फ आणि स्नोब्लोअरच्या अटॅचमेंट

प्रश्न : आमचा स्नोब्लोअर (बर्फ काढायचं मशीन) टू-स्टेजचा आहे, म्हणजे पुढचा फिरता स्क्रू, ऑगर, बर्फ आत ओढतो आणि आतला पंखा, इम्पेलर, तो पाईपमधून बाहेर फेकतो. तोंडाची उंची २१ इंच. साधा बर्फ मस्त काढतो. पण वारा सुटला की ड्राइव्हवेच्या एका कडेला कमरेएवढा ढीग साचतो, मशीन त्यात घुसलं की वरचा बर्फ त्याच्याच डोक्यावर कोसळतो आणि इंजिन दमतं. बर्फ ओला असला तर बाहेर फेकणारा पाईपच तुंबतो. ड्रिफ्ट कटर, इम्पेलर किट, चाकांच्या चेन असं बरंच काय काय मिळतं, त्यातलं खरंच उपयोगाचं काय? की सरळ मोठं मशीन घ्यावं?

उत्तर : मोठ्या मशीनची घाई अजिबात करू नका. तुमच्या मशीनला ताकद कमी पडत नाहीये, बर्फ त्याच्या तोंडापेक्षा उंच आहे एवढंच, आणि त्यावर स्वस्तातला उपाय म्हणजे ड्रिफ्ट कटर. तोंडाच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवायच्या दोन लोखंडी पट्ट्या असतात, वर उभ्या आणि जरा पुढे झुकलेल्या, मशीन पुढे सरकतं तशा त्या बर्फाची भिंत दोन्हीकडून उभी कापतात आणि मधला बर्फ आपोआप ऑगरच्या पुढ्यात पडतो. बऱ्याच मशीनना त्यासाठी भोकं कंपनीतूनच पाडलेली असतात, आधी ती बघा. काम नसेल तेव्हा पट्ट्या खाली वळवून ठेवा.

पण कटर लावला म्हणून ऑगर जास्त बर्फ गिळायला लागत नाही हो. इथेच बहुतेक जण चुकतात, इंजिन गुरगुरायला लागलं की थ्रॉटल कमी करतात. उलट करा. थ्रॉटल पूर्ण ठेवा आणि गिअर सगळ्यात खालचा, कारण गिअरने फक्त चाकं हळू होतात, ऑगर आणि इम्पेलरचा वेग इंजिनवर ठरतो, तो तसाच राहतो. पूर्ण रुंदी एकदम घ्यायची नाही, अर्धीच घ्या, तेही जड गेलं तर अजून कमी. कटरच्याही वर बर्फ असेल तर आधी फावड्याने वरचा थर खाली ओढून घ्या. आणि जमलं तर बर्फ पडत असतानाच मधेमधे एक फेरी मारा, कारण ताजा कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो आणि तोच दबून ओला झाला की ३०० च्या वर सहज जातो, मग ढीग तेवढाच दिसला तरी मशीनला तो निदान तिप्पट जड.

पाईप तुंबण्यावर इम्पेलर किट. आतल्या पंख्याच्या पात्यांत आणि बाहेरच्या डब्यात थोडी फट असते, ओला बर्फ तिथून मागे घसरतो आणि जोरात फेकलाच जात नाही. किटमधल्या रबराच्या पट्ट्या पात्यांना लावल्या की ती फट बुजते, पातळ चिखलासारखा बर्फही लांब जातो. फक्त पात्यांना ड्रिल मारावं लागतं, तेव्हा स्पार्क प्लगची वायर आधी काढायची. आणि पट्ट्या समोरासमोरच्या पात्यांवर सारख्याच लावायच्या, नाहीतर पंखा थरथरतो. तुमच्या तक्रारीवरून मला तर कटरच्या आधी हेच करावंसं वाटतं.

चेन उतारावर किंवा खाली बर्फाची कडक लादी असेल तरच लावा, फरशा असतील तर ओरखडे उठतात.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. पाईप तुंबला तर त्यात हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरीही नाही. पंखा अडकलेला असतो तेव्हा बेल्टमध्ये ताण उरलेला असतो, गोळा सुटला की पातं झटकन फिरतं आणि बोटं जातात, जाड हातमोजेही वाचवत नाहीत. इंजिन बंद करा, सगळं थांबेपर्यंत थांबा, मग मशीनसोबत येणारी प्लॅस्टिकची काठी वापरा, आणि काठीलाही हात दांड्याच्या टोकाशी.

ढिगात फांदी, पायपुसणं काहीही दडलेलं असतं, ते अडकलं की ऑगरचा शिअर पिन तुटतो. तो तुटायलाच बनवलाय, दोन-चार जवळ ठेवा. रोज तुटतो म्हणून तिथे साधा कडक बोल्ट घातलात तर पिनऐवजी गिअरबॉक्स जाईल.

प्रश्न : ट्रॅक्टरला मागे लावायचा ब्लोअर घेतला तर खोल बर्फात बरा पडेल का?

उत्तर : ताकदीत काही प्रश्नच नाही. पण रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून तासन् तास चालवावं लागतं ते झेपेल का बघा. घेण्याआधी पीटीओचा, म्हणजे अटॅचमेंट फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याचा, वेग जुळवा, बऱ्याच अटॅचमेंट ५४० आरपीएमच्या असतात. आणि रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा कमी नको, नाहीतर चाकं न काढलेल्या बर्फावर चढत राहतात.