औताला बसणाऱ्या गोऱ्ह्याला मारून उठवावं का?

तुम्ही विचारलंय, अडीच वर्षांचा गोऱ्हा वखराला जुंपला की मधेच बसतो, तर मारून उठवावं का आणि किती दिवसांत सुधारेल. मारू नका. ही सवय बहुतेक वेळा माणसानंच लावलेली असते.

आमचं शेत चोपडा तालुक्यात. एका उन्हाळ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला लावला. औत हाकायला आप्पा, माझे चुलते. गोऱ्हा बसला की आप्पा पराणी टोचायचे, शेपटी पिळायचे. तो मान जमिनीला टेकवून मार खायचा. शेवटी आप्पाच दमायचे आणि जू काढून त्याला लिंबाखाली बांधायचे. आप्पांना वाटायचं, मारानं वळण लागतंय. गोऱ्हा शिकत होता ते एवढंच की बसून राहिलं की जू उतरतं. वर पराणीचे घुंगरू नुसते वाजले तरी त्याच्या पाठीची कातडी थरथरायची.

मग औत अण्णांनी हाती घेतलं. बसला तर मारायचं नाही आणि जूही काढायचं नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं. सुरुवातीला तो आणखीच अडला. बांधावरून लोक हसत होते. पण आपणहून उठून चार पावलं ओढली की तिथल्या तिथे जू खाली आणि तोंडाशी सरकीची ढेप. ढेप घरी नेऊन दिली तर कशाबद्दल मिळाली हे त्याला कळत नाही. चार पावलांचं बांधापर्यंत झालं, मग दुसऱ्या बांधापर्यंत.

पुढे कॉलेजात स्किनर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचला. दांडी दाबली की दाणा मिळायची सवय लागलेल्या उंदरांचा दाणा त्यानं बंद केला आणि काहींना सुरुवातीला दाबल्याबरोबर पायावर फटका दिला. तेवढ्यापुरतं त्यांचं दाबणं कमी झालं. फटका थांबल्यावर ते पुन्हा दाबू लागले आणि शेवटी फटका न खाल्लेल्यांच्या बरोबरीला आले. हे १९३८ साली छापून आलंय.

हो, आधी खांदा बघा. सूज, जखम किंवा ताप असेल तर हे काही करू नका, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आणि बसल्यावर जू मानेला आवळत असेल तर ताबडतोब सोडा.

आप्पा आजही म्हणतात, त्यांच्या माराचा गुण उशिरा आला. मग पराणी आढ्याला खोचल्यावरच तो चालायला कसा लागला, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.