चांदोलीहून आंबा घाट एका दिवसात जमेल का?

चांदोली राष्ट्रीय उद्यान पाहून कोल्हापूरला परतण्याआधी मोटारीने एखादा घाट पाहता येईल का, या प्रश्नाला माझे उत्तर आंबा घाट हे आहे. वारणावतीहून कोकरूड आणि तुरुकवाडीमार्गे मलकापूरला यावे, तिथे इंधन भरून घ्यावे आणि रत्नागिरी रस्त्याने आंबा गाव गाठावे. खरा घाट या गावापुढे सुरू होऊन साखरप्याच्या बाजूला उतरतो. पूर्ण उतरण्याची घाई न करता वरच्या वळणांवर, गाडी रस्त्याबाहेर नीट उभी करता येईल तिथेच थांबून कोकणाकडे कोसळणारे कडे डोळे भरून पाहावेत.

वेळ उरल्यास आंब्याहून विशाळगडाच्या रस्त्याला वळून, 1660 मध्ये बाजीप्रभूंनी लढवलेली पावनखिंड अवश्य पाहावी. माझ्या मते घाटापेक्षाही हा जंगलातला रस्ता अधिक देखणा आहे. मात्र तिथे सायंकाळी गवे रस्त्यावर येतात. काळ्या अंगामुळे ते अंधारात दिसत नाहीत, आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. म्हणून उजेड असतानाच परतावे. पावसाळ्यात उद्यान बंद असते आणि घाटात दाट धुके उतरते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.