इमर्शन म्हणजे फ्रेंच शाळा नव्हे (कॅनडातल्या मानिटोबा प्रांतात, विनिपेगला येणाऱ्यांसाठी)

‘ऑगस्टमध्ये विनिपेगला येतोय, मुलगा सहा वर्षांचा, माझी टीईएफ (फ्रेंचची परीक्षा) झाली आहे, फोनवर सांगितलं की इमर्शनला घाला, फ्रेंच शाळा आणि ते एकच.’ तुमचं हे वाचून पोटात गोळाच आला. नऊ वर्षांपूर्वी आम्हालाही अगदी हेच ऐकवलं होतं.

घर, बँक, थंडीचे बूट यांबद्दल इतर सांगतीलच. मी फक्त शाळेचं लिहिते.

दोन्ही एक नाहीत. इमर्शन इंग्रजी शाळामंडळं चालवतात, घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून. आमच्या मुलीच्या शाळेत वर्गात फ्रेंच, मैदानावर इंग्रजी, घरी येणारी पत्रंही इंग्रजीच. डीएसएफएम हे इथल्या फ्रेंच भाषकांचं स्वतःचं शाळामंडळ, फ्रेंच शाळा म्हणतात त्या याच्या. तिथे ऑफिसातला फोनसुद्धा फ्रेंचमध्ये उचलतात.

आम्ही ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या बाई गोड बोलल्या: ‘ती शाळा मातृभाषा फ्रेंच असणाऱ्यांची, तुम्हाला मिळायची नाही.’ त्यात अर्धं खरं होतं, म्हणूनच फसलो. कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेतलं कलम २३ मुलांना फ्रेंच शाळेत घालण्याचा हक्क कॅनडाच्या नागरिकांना देतं, तेही ठरावीक अटींवर. आम्ही नुकते आलेले, हक्क नव्हताच. पण हक्क नसला तरी प्रवेश समितीकडे अर्ज करता येतो, हे त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. लेखी उत्तरही मागितलं नाही. सगळ्यात मोठी चूक माझी: रानडे इन्स्टिट्यूटमध्ये इतकी वर्षं फ्रेंच शिकून, उच्चारांची लाज वाटली म्हणून मी तिथे इंग्रजीत बोलले. समोरच्या बाईला कळणार कसं की हे फ्रेंच बोलणारं कुटुंब आहे?

मुलगी दोन वर्षं इमर्शनला गेली. पुढे अर्ज करून डीएसएफएममध्ये घेतली, तेव्हा तिला क्रियापदं पाठ होती, पण मधल्या सुट्टीत मुलं काय बोलतात ते कळेना. महिनाभर डबा तसाच परत यायचा. ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो. शिवाय कलम २३ प्रमाणे एका मुलाचं शिक्षण कॅनडात फ्रेंच शाळेत झालं असेल, तर आईवडील नागरिक झाल्यावर भावंडांनाही तो हक्क मिळतो. म्हणून पहिल्या मुलाचा निर्णय घाईत करू नका. (मी वकील नाही, नियमही बदलतात, मंडळाकडून खात्री करूनच घ्या.)

ही शाळा सहज मिळालेली नाही. १८७०च्या मानिटोबा कायद्यात विधिमंडळात आणि कोर्टात फ्रेंचला जागा होती, १८९०मध्ये ती काढून घेतली. १९१६मध्ये द्विभाषिक शाळाही बंद केल्या. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, इन्स्पेक्टर आला की बाई फ्रेंच पुस्तकं लपवायला लावायच्या. १९७६मध्ये जॉर्ज फोरे या इथल्याच फ्रेंच भाषक गृहस्थांनी फक्त इंग्रजीत आलेल्या पार्किंगच्या पावतीवरून भांडण सुरू केलं आणि १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८९०चा कायदा घटनाबाह्य ठरवला. स्वतःचं शाळामंडळ मिळायला १९९४ उजाडलं. माझं आजोळ बेळगावचं. ते लपवलेलं पुस्तक मला परकं वाटलं नाही.

म्हणून स्पष्ट बोलते, राग मानू नका. फ्रेंचचे गुण घेऊन पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळवायचा आणि इथे उतरल्यावर फ्रेंच माळ्यावर टाकायची, हे मला पटत नाही. इथल्या फ्रेंच वस्त्या टिकाव्यात म्हणूनच तर ते गुण आहेत.

विमानात बसण्याआधीच आक्युई फ्रँकोफोनला (नव्याने येणाऱ्या फ्रेंच बोलणाऱ्यांना मदत करणारी संस्था) ईमेल करा, फ्रेंचमध्ये. चुका होऊ द्या. सरकारी ऑफिसात ‘हॅलो, बॉंझूर’ ऐकू आलं तर उत्तर ‘बॉंझूर’ने द्या. फेब्रुवारीत सेंट बोनिफेसमध्ये (विनिपेगचा फ्रेंच भाग) फेस्टिव्हल द्यू व्हॉयाजर हा उत्सव असतो, मुलाला नक्की न्या, फ्रेंच बोलणारी मित्रमंडळी तिथेच भेटतात.

आणि अर्जात घरची भाषा विचारली तर बिनधास्त ‘मराठी’ लिहा. आम्ही धास्तावत लिहिलं होतं. समितीने त्यावर एवढंच विचारलं, घरात मुलीशी फ्रेंच कोण बोलणार? मी हात वर केला, आणि नवऱ्याने त्याच महिन्यात संध्याकाळचा वर्ग लावला.