मुलाच्या डोक्याला मार लागलाय, पण स्कॅन नॉर्मल आहे. शनिवारची मॅच खेळू देऊ का?

तुम्ही लिहिलंय की सोमवारी फुटबॉलच्या सरावात तुमचा १२ वर्षांचा मुलगा हेडरसाठी, म्हणजे डोक्याने बॉल मारायला, उडाला आणि दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर त्याचं डोकं आपटलं. बेशुद्ध पडला नाही. रात्री डोकं दुखलं, एकदा मळमळलं. मंगळवारी सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. आता तो स्वतःच म्हणतोय, "मी ठीक आहे," आणि शनिवारी मॅच आहे.

नका खेळू देऊ. या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारीही नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून हे कन्कशन, म्हणजे हादऱ्याने मेंदूच्या कामकाजात झालेला बिघाड, असण्याची दाट शक्यता आहे, आणि डॉक्टर ठामपणे 'नाही' म्हणत नाहीत तोवर ते आहेच असं धरून चालायचं.

मी डॉक्टर नाही. गेली १४ वर्षं मुलामुलींना फुटबॉल शिकवते आणि या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी स्कॅनबद्दल, कारण तुमचा सगळा दिलासा त्यावर टेकलाय. सीटी स्कॅन मुख्यतः दोन गोष्टी बघायला करतात: आत रक्तस्राव आहे का आणि कवटीला तडा गेलाय का. कन्कशन त्यात दिसत नाही. डोक्याला झटका बसला की मेंदू आतल्या आत हादरतो आणि पेशींमधला क्षारांचा तोल बिघडतो; पोटॅशियम बाहेर येतं, कॅल्शियम आत शिरतं. हे पुन्हा जागेवर आणायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. हा बिघाड कामकाजातला आहे, फोटोत येणारा नाही. शुद्ध हरपली नाही म्हणून सुटलो, असंही नसतं. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध जातच नाही.

आता "मी ठीक आहे" या वाक्याबद्दल. माझ्या टीममध्ये १३ वर्षांची एक गोलकीपर होती. समोरच्या मुलीच्या पायातला बॉल घ्यायला ती झेपावली आणि गुडघा तिच्या कानशिलावर बसला. लगेच उठली. मी बाहेरून ओरडून विचारलं, "ठीक आहेस ना?" तिने अंगठा दाखवला. मी खेळ चालू ठेवला. हाफटाइमला ती बाकावर बसून ग्लोव्हचा पट्टा लावत होती. लावायची, काढायची, परत लावायची, परत काढायची. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "ताई, आपला पहिला हाफ झाला का?" त्या अवस्थेत ती वीस मिनिटं गोलमध्ये उभी होती, आणि तिला तिथे मी ठेवलं होतं.

तिला बरं व्हायला पाच आठवडे लागले. फुटबॉलचं राहू द्या, तिला गणिताची वही बघवेना. दोन ओळी वाचल्या की अक्षरं हलायची, वर्गातल्या ट्यूबलाइटचा त्रास व्हायचा, आणि कधी नव्हे ती आईवर चिडायला लागली. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. बहुतेक मुलं चार आठवड्यांत सावरतात, काहींना त्याहून जास्त लागतात.

ती खोटं बोलत नव्हती, तुमचा मुलगाही बोलत नसेल. ज्या मेंदूला मार बसलाय त्यालाच आपण "कसा आहेस" विचारतोय, ही खरी अडचण आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला जोरात मार बसला. बाजूला टीमचे डॉक्टर, सगळं जग बघतंय, तरी तो सुमारे चौदा मिनिटं खेळत राहिला. शेवटी त्याने रेफरीलाच विचारलं, की ही फायनल आहे का? व्यावसायिक खेळाडूची ही गत, तर बारा वर्षांच्या मुलाने स्वतःचं निदान करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून त्याला विचारू नका, त्याच्याकडे बघा. नेहमीपेक्षा जास्त झोपतोय का, उत्तर द्यायला क्षणभर जास्त लागतोय का, आवाज नको म्हणतोय का, तेच तेच विचारतोय का, उगाच रडतोय का. घरात हे आईवडिलांना कोणाही कोचपेक्षा आधी कळतं. मात्र पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, बोबडं बोलणं, हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या, बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, मानेत तीव्र दुखणं किंवा उठवूनही नीट जागा न होणं, यातलं एक जरी दिसलं तर स्कॅन नॉर्मल होता हे विसरा आणि तडक हॉस्पिटल गाठा.

इतकी घाई का नको? पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर आजार लांबतो, आणि क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते. हे फार दुर्मिळ आहे, पण त्यात मुलं दगावली आहेत, आणि अशा घटना जास्त करून किशोरवयातच घडल्या आहेत. शिवाय प्रतिक्रिया मंदावलेला मुलगा मैदानात दुसरा मार चुकवण्यातही कमी पडतो. एका मॅचसाठी हा धोका कोणी पत्करू नये.

मग करायचं काय? अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायचा जुना सल्ला आता मागे पडलाय. पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाइल-टीव्ही कमीत कमी. घरातल्या घरात हिंडणं-फिरणं चालतं. त्यानंतर हलकं चालणं उलट फायद्याचं ठरतं. त्याने डोकं किंचित दुखून तासाभरात थांबलं तर हरकत नाही, जास्त दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. शाळा खेळाच्या आधी. गरज पडली तर अर्धा दिवस पाठवा, वर्गशिक्षकांना सांगून ठेवा, परीक्षा असेल तर सवलत मागा. शाळेचा पूर्ण दिवस त्रासाशिवाय जायला लागला की मगच फुटबॉलचा विचार. तोही पायरी-पायरीने: धावणं, एकट्याने बॉल घेऊन सराव, धक्काबुक्की नसलेले ड्रिल, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि सगळ्यात शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास परतला तर एक पायरी मागे. ब्रिटनमध्ये हौशी खेळासाठी २०२३ मध्ये आलेल्या मार्गदर्शनात तर २१ दिवसांच्या आत मॅच नाहीच, आणि मला तो हिशेब मुलांसाठी पटतो.

औषधाचं डॉक्टरांना विचारा. मनाने आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की हेडबँड (डोक्याला बांधायचा संरक्षक पट्टा) घेऊन दिला तर चालेल का. कपाळ फुटणं कदाचित वाचेल, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच, त्यामुळे त्याच्या भरवशावर लवकर उतरवू नका. हेडरबद्दल मात्र कोचशी जरूर बोला. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केले आणि ११ ते १३ वयात सरावातल्या हेडरवर मर्यादा घातली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. हेडरमधली कन्कशन बहुतेकदा बॉलमुळे होत नाहीत. डोक्याला डोकं, कोपर किंवा खांदा लागून होतात, तुमच्या मुलाचं झालं तसंच. म्हणून मी १२ वर्षांच्या मुलांना आधी हलक्या बॉलवर, एकेकट्याला शिकवते. दोघांनी एकाच बॉलवर उडायचं नाही.

शनिवारी त्याला घरी बसवून ठेवणं जड जाईल. ऊन आणि आवाज सोसत असेल तर थोडा वेळ मैदानावर न्या, टीमबरोबर बसू द्या, पण पायात बूट नकोत. बूट असले की शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी त्याला उतरवतंच. आणि कोचना आज रात्रीच मेसेज करा: "सोमवारच्या धडकेमुळे त्याला कन्कशन असण्याची शक्यता आहे. डॉक्टर लेखी परवानगी देईपर्यंत तो सरावालाही उतरणार नाही." विचारू नका, कळवा.