सहल झाली, अहवाल कुणी लिहायचा? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

सहलीचा सीझन आलाय त्यामुळे यावेळी निम्मी पत्रं सहलीचीच आहेत, बाकीची परिपाठाची, आणि एक पत्र तर इतकं छान आहे की ते मुद्दाम शेवटी ठेवलंय.

ताई, मुलगी तिसरीत आहे. शाळेची सहल वॉटर पार्कला चाललीय, फी बऱ्यापैकी आहे, ती भरली. पण वर 'शैक्षणिक सहलीचा अहवाल' लिहून आणायला सांगितलाय, म्हणजे तो मलाच लिहावा लागणार. यात शैक्षणिक काय आहे?
– एक आई, चिंचवड

काहीच नाही. आणि नसू दे की, आठ वर्षांच्या पोरांनी एक दिवस पाण्यात दंगा केला तर बिघडलं काय, फक्त त्याला शैक्षणिक म्हणू नये. अहवाल तुम्ही अजिबात लिहू नका हं. तिला जे वाटेल ते चार ओळीत लिहू दे, 'पाणी गार होतं आणि पावभाजी तिखट होती' एवढं लिहिलं तरी तो तिचा अहवाल झाला.

पण पुढच्या पालक सभेत एक सुचवून बघा. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलं होतं ते उगाच नाही, मुलांनी आधी आपला जिल्हा बघावा म्हणून. तुमच्याकडे तर पिंपरीहून मेट्रोत बसलं की थेट मंडई स्टेशनला उतरता येतं, वाटेत गाडी वरून जाताजाता जमिनीखाली शिरते आणि मुठा नदीच्या खालून जाते, पोरांना एवढंच सांगा की आता आपल्या डोक्यावर नदी आहे, मग बघा चेहरे. वर आलं की महात्मा फुले मंडई. 1886 साली बांधलेली, तेव्हाचं नाव रे मार्केट. जायच्या आधी वर्गात प्रश्न काढायचे. दोघादोघांची जोडी करून प्रत्येक जोडीला एकच भाजी द्यायची, तिचा भाव तीन गाळ्यांवर विचारायचा, ती कुठल्या गावाहून आली ते विचारायचं आणि वीस रुपयांत जे येईल ते घेऊन यायचं. घासाघीस करायला परवानगी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळे भाव मांडले की गणिताचा तास आपोआप होतो, आणि गावांची नावं नकाशात शोधली की भूगोलाचा. एकच भाजी एका गाळ्यावर महाग आणि शेजारी स्वस्त का, यावर तर मुलं भांडतात. भांडू द्यावं.

नातू दुसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. रोज परिपाठाला मोबाईलवरनं उतरवलेला सुविचार वाचतात, त्याचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही. दिनविशेष म्हणून कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू वाचतात. आमच्या वेळी एवढं नव्हतं. हे कशासाठी?
– एक आजोबा, कोल्हापूर

आजोबा, तुमचं म्हणणं बरोबर आहे पण परिपाठाला मोडीत काढू नका. सगळी शाळा, पहिलीपासून वरपर्यंत, दिवसात एकदाच एकत्र बसते ती तेव्हाच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, संविधानाची उद्देशिका हे व्हायलाच पाहिजे, 2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीतही आहे. गडबड होते ती पुढे. सुविचार, बोधकथा, बातम्या, पाढा, सामान्यज्ञान सगळं कोंबायचं आणि ते पण पाचवी-सातवीच्या त्याच चार हुशार मुलींनी वाचायचं, बाकीचे ऊन खात उभे.

गुरुजींना भेटून एवढंच सांगा की बातम्या पेपरातल्या नकोत, गावातल्या घ्या. आमची म्हैस व्याली, पाटाला पाणी सुटलं, वरच्या गल्लीत ट्रान्सफॉर्मर जळाला, ही दुसरीतलं पोरगंसुद्धा न वाचता सांगतं. खाली एकजण विचारतो, रेडी का रेडा? झालं संभाषण सुरू. पावसाळ्यात सरळ कडांची बाटली वरचं निमुळतं तोंड कापून, पट्टी लावून मोकळ्या अंगणात ठेवायची आणि रात्रीत किती मिलिमीटर पडला ते रोज एकाने परिपाठात सांगायचं. पेपरात आपल्या तालुक्याचा आकडा येतो त्याच्याशी जुळवायचं. बहुतेक वेळा जुळत नाही, कारण पाऊस काही सगळीकडे सारखा पडत नाही, आणि हे पोरांना पुस्तकातनं नाही बाटलीतनं कळतं. सुविचार आठवड्याला एक पुरे. आणि बसून घ्या म्हणावं परिपाठ, उभ्याने कशाला.

मुलगा माईकसमोर गेला की रडतो. परिपाठात नंबर आला की पोट दुखतं म्हणून घरी बसतो.
– एक आई, जालना

माईक काढा. पन्नास-साठ पोरांच्या शाळेत माईक लागतोच कशाला? आणि त्याला वाचायला नको, काहीतरी दाखवायला द्या, सुगरणीचं पडलेलं घरटं, शेतात सापडलेला वेगळा दगड. हातात वस्तू असली की बघणारे वस्तूकडे बघतात, त्याच्याकडे नाही. बाईंशी बोलून ठेवा, जबरदस्ती करू नका.

आमची द्विशिक्षकी शाळा आहे, 31 पट. सहलीला पैसे नाहीत, पालक ऊसतोडीला जातात. वरून क्षेत्रभेटीचे फोटो ग्रुपवर टाका म्हणतात. जवळ बघण्यासारखं काहीच नाही. काय करू?
– एक शिक्षक, बीड जिल्हा

सर, आधी फोटोचं. एक काढा, टाका आणि मोबाईल खिशात ठेवा. फोटोसाठी पोरांना रांगेत उभं केलं की अर्धी भेट तिथंच संपते.

बघण्यासारखं काही नाही हे मात्र मला पटत नाही. गावात दूध संकलन केंद्र असेलच. तिथली पावती हातात घ्या, लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम, अख्खा दशांश अपूर्णांकाचा धडा त्या चिठ्ठीवर छापलेला असतो. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून दर ठरतो, त्याखाली गेलं की पैसे कापतात, हे चौथीतल्या पोराला सांगून बघा, आणि मग तेच पोरगं घरी जाऊन बापाला पावतीचा हिशोब विचारतं. केंद्र सकाळी लवकर बंद होतं म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेत जमवा. ग्रामपंचायतीत नेऊन घरपट्टी कशी लावतात ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारू द्या, पोस्टातून पन्नास पैशांची पोस्टकार्डं आणा आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापाला, किंवा ज्या साखर शाळेत (ऊसतोड कामगारांच्या मुलांची कारखान्याजवळची शाळा) मित्र गेलाय तिथे, पत्र लिहू द्या. पत्ता शोधणं हाच मोठा उद्योग आहे, पिनकोड म्हणजे काय ते तेव्हा कळतं.

आणि हे काही नवं फॅड नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला (आताच्या पालघर जिल्ह्यात) कुरणशाळा चालवली, गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणात नेली. तुमच्याकडे तर पोरं शाळेत आलेली आहेत, त्यांना गावात न्यायचंय एवढंच.

पायी जाणार असलात तरी पालकांना आधी कळवा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी ठेवा, विहीर, तळं, रस्ता यांच्या बाजूने एक मोठं माणूस चालू द्या, शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन आया येतील हो, विचारा तर. लांबची सहल काढायचीच झाली तर शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, पण शिक्षण विभागाच्या परवानगीचा कागद आगारात जायच्या आधी हातात हवा.

मी गवंडी आहे. आठवी शिकलो. पोरीच्या शाळेनं 'आमच्या गावातले कारागीर' म्हणून मला बोलावलंय, चौथीच्या पोरांसमोर बोलायचंय. मला भाषण येत नाही. जाऊ का नको?
– एक वडील, सांगली जिल्हा

दादा, जा. आणि भाषण करूच नका.

पिशवीत ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन), गुण्या (काटकोन बघायचा), थापी, दोरी आणि लेव्हलची पाण्याची नळी टाका. पहिल्यांदा पोरांना विचारा की या वर्गाची भिंत सरळ आहे का, सगळी हो म्हणतील. मग एकाला बाकावर चढवून ओळंबा सोडायला लावा, आणि वर-खाली अंतर मोजायला लावा. निघालीच वाकडी तर हसू नका, कुणी बांधली ते गावात सगळ्यांना माहीत असतं. मग नळीत पाणी भरून एक टोक दाराजवळ, एक खिडकीजवळ धरायला सांगा, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं, का थांबतं ते तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या, चुकीचं सांगितलं तरी थांबा थोडं.

शेवटी मैदानात न्या आणि खोलीचा कोपरा आखून दाखवा. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, मधली दोरी पाच आली की कोपरा काटकोनात, हे तुम्ही रोज करता. हे त्यांना सातवीत पुस्तकात भेटणार आहे, तेव्हा त्यांना वाटेल की अरे हे तर आपल्याला मिस्त्रीने दाखवलंय. दोऱ्या त्यांच्या हातात द्या, तुम्ही हाताची घडी घालून बाजूला उभे राहा.

पोरं विचारतील, हजेरी (दिवसाची मजुरी) किती मिळते, पडलात का कधी, हात फुटतात का सिमेंटनं. खरं सांगा सगळं. आणि जायचं शनिवारी, 2024 पासून शाळांमध्ये आनंददायी शनिवार आहे त्यातच बसवा म्हणावं, सकाळची शाळा असते, नऊ-साडेनऊपर्यंत मोकळे व्हाल, हजेरी बुडणार नाही.