हरकत घेतली, पण नोंदली का?

ग्रामसभा, विकास आराखडा, जनसुनावणी, महापालिकेचं अंदाजपत्रक. विषय वेगवेगळे असले तरी वाचकांच्या पत्रांतला गोंधळ बहुतेक एकच असतो: 'आम्ही सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही.' कुठे सांगितलं, कोणत्या तारखेला, पोच आहे का, हे विचारलं की पुढचं पत्र येत नाही. त्यातल्या काही प्रश्नांची ही उत्तरं. ती सर्वसाधारण आहेत. तुमचे कागद पाहिल्याशिवाय कोणीही ठाम सल्ला देऊ नये, आणि दिला तर तुम्ही घेऊ नये.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभा कधी होते ते कळतच नाही. दोन महिन्यांनी घरी रजिस्टर येतं आणि 'सही करा' म्हणतात. करावी का?

नाही. न झालेल्या किंवा तुम्ही न गेलेल्या सभेची ती हजेरी आहे. तिच्यावर सही केली की त्या सभेतल्या प्रत्येक ठरावाला तुम्ही साक्षीदार झालात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ तारखा आहेत. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे आणि तिच्यात विषय लिहिलेले हवेत. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे ५०० मतदारांच्या गावात ७५ माणसं, दोन हजारांच्या गावात १००.

खरी गंमत पुढे आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पंधरा माणसांत ठराव होतो तो इथे. त्या सभेत मूळ नोटिशीतलेच विषय घेता येतात, नवा विषय घुसवता येत नाही. म्हणून सभेची नोटीस लागली की फलकाचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. नंतर इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नोटिशीत नसलेला विषय ठरावात दिसला तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. पुरेशा कारणाशिवाय सभाच घेतल्या नसतील तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. तो निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा असतो, आणि तिथवर जाण्याआधी वकिलाला कागद दाखवा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : मी नोकरीसाठी शहरात राहतो, मतदान गावात आहे. ग्रामसभेत बोलू शकतो का?

गावच्या मतदार यादीत नाव आहे ना? मग हो.

प्रश्न : 'ग्रामसभेचा ठराव सर्वोच्च न्यायालयही बदलू शकत नाही' असा मेसेज फिरतोय. आम्ही कारखान्याविरुद्ध ठराव केला आहे. आता निश्चिंत राहायचं का?

निश्चिंत राहिलात तर कारखाना उभा राहील. हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि त्याने गावांचं जितकं नुकसान केलं तितकं एखाद्या वाईट सरपंचानेही केलं नसेल.

ठरावाला वजन किती, हे तो कोणत्या कायद्याखाली केला त्यावर ठरतं. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने तसा जाहीर केलेल्या आदिवासी भागात, १९९६ चा पेसा (पंचायत विस्तार) कायदा आणि वनजमिनीच्या बाबतीत २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला खरे अधिकार देतात. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. मेसेज पाठवणारे हेच उदाहरण देतात. पण तिथे वनहक्काचा प्रश्न होता आणि ग्रामसभांना विचारायचं हेही न्यायालयानेच ठरवलं होतं, एवढं सोडून देतात. वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्तीही वेगळी आहे: निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. शंभर सह्यांवर भागत नाही.

तुमचं गाव यांपैकी कशात बसतं, हे आधी तहसील कार्यालयात तपासा. बसत नसेल तर तुमचा ठराव हा सबळ पुरावा आहे, शेवटचा शब्द नाही. तो जनसुनावणीत लेखी निवेदनाला जोडावा लागतो.

प्रश्न : शहराच्या प्रारूप विकास आराखड्यात आमच्या सोसायटीशेजारच्या मैदानावरून रस्ता दाखवला आहे. आम्ही ४०० जणांनी एकच मजकूर छापून सह्या करून दिला. शिवाय एकजण म्हणतो, 'पैसे द्या, आरक्षण उठवून देतो.' एवढं पुरेल का?

पुरणार नाही, आणि इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण दर आराखड्याला हीच चूक होते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत नोटिशीत लिहिलेली असते, साधारण ३० दिवस. लोक त्यातले पहिले वीस दिवस चर्चेत घालवतात, पाच दिवस बॅनर छापण्यात आणि शेवटच्या दिवशी आवक खिडकीवर रांग लावतात.

हरकत म्हणजे निषेध नाही. ती वाचणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यांच्या पुढ्यात हजारो अर्ज असतात. एकाच मजकुराचे ४०० अर्ज त्यांना ४०० वाटत नाहीत. ते एका गठ्ठ्यात बांधले जातात आणि गठ्ठ्याला उत्तर एकच. याउलट चार नीट लिहिलेल्या हरकतींना चार वेगळी उत्तरं द्यावी लागतात.

नीट म्हणजे कशी? पहिल्या परिच्छेदात जागेची ओळख: नकाशाच्या कोणत्या शीटवर, आरक्षणाचा (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचा) किंवा रस्त्याचा क्रमांक, सर्व्हे नंबर किंवा नगर भूमापन क्रमांक, रस्त्याची प्रस्तावित रुंदी मीटरमध्ये. 'मंदिरामागचं मैदान' असं लिहू नका, ती जागा नकाशावर कोणालाच सापडणार नाही. दुसऱ्या परिच्छेदात आज जमिनीवर काय आहे ते. यासाठी प्रस्तावित नकाशाबरोबर विद्यमान जमीन वापर नकाशाही पाहा. लोक पहिला बघतात आणि दुसऱ्याकडे फिरकत नाहीत, पण अनेकदा चूक तिथेच असते: वापरातलं मैदान 'मोकळी जमीन' म्हणून रंगवलेलं, विहीर गायब, नाला दुसरीकडून वळवलेला. पायाच चुकला हे दाखवता आलं तर हरकतीला दात येतात. तिसऱ्या परिच्छेदात नेमकी मागणी: रस्ता रद्द करा, रुंदी कमी करा, की सरकवा. सरकवायचा असेल तर कुठून, तेही नकाशाच्या प्रतीवर लाल पेनाने आखून द्या. 'योग्य तो निर्णय घ्यावा' असं लिहिलंत तर तो घेतला जाईल आणि तुम्हाला आवडणार नाही.

सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा असेल तर तो, आणि तारखेसह फोटो जोडा. सोसायटीतर्फे देत असाल तर कोणाला अधिकार दिला त्याचा ठराव जोडा, नाहीतर सुनावणीत पहिला प्रश्न 'तुम्ही कोण?' हाच येतो. शेवटी एक वाक्य न विसरता: 'मला सुनावणीस उपस्थित राहायचे आहे.' दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेबांकडे देतो' असं म्हणून हातात घेतलेला कागद हा दिलेला कागद नसतो.

आता तो 'उठवून देतो' म्हणणारा. हरकत नोंदवायला शुल्क नाही. आरक्षण ठेवणं किंवा काढणं नियोजन प्राधिकरण आणि राज्य सरकारच्या हातात आहे, मधल्या कोणाच्या नाही. यांची युक्ती साधी असते: शंभर जणांकडून पैसे घ्यायचे, त्यांतल्या दहा जणांचं काम कायद्याने होणारच असतं, तेवढं आपल्या नावावर खपवायचं. याहून वाईट म्हणजे 'पाठपुराव्यासाठी' म्हणून कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही घेणारे. तो कागद जमिनीच्या व्यवहारालाही वापरता येतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका, आणि जमिनीचा मालकी हक्क गुंतलेला असेल तर हरकतीचा मसुदा नगररचनेचं काम करणाऱ्या वकिलाकडून किंवा निवृत्त नगररचनाकाराकडून तपासून घ्या. ती फी वाया जात नाही.

प्रश्न : आमच्या जमिनीवरच्या आरक्षणाला १० वर्षं झाली. आता ते आपोआप उठलं ना?

नाही. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाल्यावर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली तुम्हाला खरेदी नोटीस ('जमीन घ्या, नाहीतर मोकळी करा' अशी) द्यावी लागते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही तरच आरक्षण संपुष्टात येतं. नोटिशीत मालकीचे पुरावे अपुरे राहिले तर ती टिकत नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. वकिलाशिवाय देऊ नका.

प्रश्न : आमच्या भागात खाणीसाठी पर्यावरण जनसुनावणी लागली आहे. गावाने बहिष्कार टाकायचं ठरवलं आहे. कोणी गेलंच नाही तर सुनावणी रद्द होईल ना?

होणार नाही. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे की सुनावणी सुरू करायला गणपूर्ती लागत नाही. तुम्ही बाहेर घोषणा देत राहाल, आत कंपनीने आणलेली माणसं 'रोजगार मिळेल' असं बोलतील आणि इतिवृत्तात तेवढंच उतरेल.

सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात यावी लागते. खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध असला पाहिजे. ग्रामपंचायत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तो मागा आणि वाचा. पाण्याचा स्रोत, ट्रकचा मार्ग, स्फोटांच्या वेळा आणि जवळच्या वस्तीचं अंतर या चार गोष्टी तरी पडताळा. अंतर स्वतः मोजा. ज्यांना येणं शक्य नाही त्यांची लेखी निवेदनं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीच द्या, पोच घेऊन.

सुनावणीच्या शेवटी कार्यवाहीचा गोषवारा उपस्थितांना मराठीत वाचून दाखवायचा असतो आणि अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी त्यावर सही करायची असते. तोवर दुपार झालेली असते, मंडप रिकामा होतो, लोक एसटी पकडायला निघून जातात. मग 'ग्रामस्थांनी काही शंका उपस्थित केल्या' एवढ्या ओळीत सगळं आटोपतं. किमान पाच-सहा जणांनी शेवटपर्यंत बसायचं हे आदल्या दिवशीच ठरवा. गोषवाऱ्यात तुमचा मुद्दा नसेल तर उभं राहून तिथेच घालायला लावा. सुनावणीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, त्यामुळे तुमची मागणी तरी नोंदली जाते. ही सुनावणी म्हणजे मतदान नाही, बहुमताने खाण थांबत नाही. पण पुढे हरित न्यायाधिकरणात जायचं झालं तर हाच कागद उघडला जातो. तिथे जाण्याची मुदत मर्यादित असते, तेव्हा परवानगी निघाल्यावर लगेच वकील गाठा.

प्रश्न : दारूचं दुकान बंद करण्यासाठी गावात मतदान घ्यायचं आहे. ८०० महिला मतदार आहेत. किती मतं लागतील?

४०१. झालेल्या मतदानाच्या निम्मी नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीला, म्हणजे दुकान चालू ठेवण्याच्या चिन्हाला, मत देते असंच धरा. मतदानाची मागणी करायलाच २५ टक्के, म्हणजे २०० सह्या लागतात आणि त्या पडताळल्या जातात. पडताळणीत काही गळतातच, म्हणून २५० गोळा करा. मतदार यादीतले लग्न, मृत्यू, स्थलांतराचे बदल आधी करून घ्या, कारण गेलेल्या बायकांची नावंही त्या ८०० मध्ये मोजली जातात. प्रक्रिया सुरू करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना भेटा.

प्रश्न : माहिती अधिकारात सगळ्या रस्त्यांचा सगळा खर्च मागितला, अर्ज फेटाळला. का?

एक अर्ज, एक विषय, १५० शब्द: महाराष्ट्राचे नियम असे आहेत. एका रस्त्याचं मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मोजणीची नोंदवही) आणि अंतिम देयक मागा. पहिलं अपील ३० दिवसांत.

प्रश्न : आमच्या गल्लीतला पदपथ महापालिकेच्या अंदाजपत्रकात घालायचा आहे. मार्चमध्ये अर्ज द्यावा का?

मार्चमध्ये जेवणं उरकलेली असतात. कामं सुचवायची ती पावसाळा संपता संपता. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून थेट कामं मागवायला सुरुवात केली. अशी सोय तुमच्या शहरात नसेल तर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याकडे लेखी मागणी द्या. जागा महापालिकेच्या ताब्यात आहे ना, हे आधी बघा. बरीच कामं याच एका कारणाने मरतात. तरतूद झाली की कामाचा बजेट कोड लिहून घ्या, कारण वर्षाच्या मध्यात 'वर्गीकरण' नावाखाली तीच रक्कम दुसऱ्या कामाकडे वळते. कोड हातात असला तर दर तिमाहीला एका ओळीत विचारता येतं: शिल्लक किती?

प्रश्न : आराखड्यावर हरकत द्यायची मुदत काल संपली. आता दिली तर चालेल?

द्या, पण सुनावणीचा हक्क सांगता येणार नाही. मुदतवाढ झाली आहे का ते आधी नगररचना विभागात विचारा. सरकारने मंजुरीच्या वेळी मोठे फेरबदल सुचवले तर तेवढ्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, त्या नोटिशीसाठी राजपत्र आणि वर्तमानपत्रं पाहत राहा. अर्जावर आजचीच तारीख टाका. मागच्या तारखेचा शिक्का मारून देतो असं म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.