संगणक-शंका : बुडबुडे, पाइप आणि न येणारा स्क्रीनसेव्हर

प्रश्न : विंडोज १० मधल्या ‘बबल्स’ या स्क्रीनसेव्हरचे ‘सेटिंग्ज’ दाबले की बदलण्याजोगे काही नाही असा निरोप येतो. बुडबुडे लहान करायचे आहेत आणि मागे डेस्कटॉपऐवजी काळा पडदा हवा आहे. जमेल का?

उत्तर : जमेल. पर्याय आहेत, फक्त त्यांना खिडकी दिलेली नाही. रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलण्याचे साधन) उघडून एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, स्क्रीनसेव्हर्स, बबल्स असे आत जा. उजव्या बाजूला राइट-क्लिक करून नवी ३२ बिटची ‘डीवर्ड’ (संख्या साठवणारी) नोंद करा. नावातले शब्द इंग्रजीत, जोडून लिहायचे. मधे जागा पडली तर स्क्रीनसेव्हर त्या नोंदीकडे बघतही नाही.

‘शोबबल्स’ ० केले की मागे काळे, १ केले की डेस्कटॉप. ‘मटेरियलग्लास’ ० केले की काचेऐवजी धातूचे चकचकीत गोळे येतात (काळ्यावर हेच जास्त खुलतात). ‘शोशॅडोज’ ० म्हणजे सावल्या बंद.

बहुतेक जण अडतात ते आकारापाशी. ‘रेडियस’मध्ये सरळ ६० भरून चालत नाही. तिथे दशांश संख्या ३२ बिटांत बांधून ठेवलेली असते, त्यामुळे नुसत्या ६० चा अर्थ जवळजवळ शून्य होतो. त्रिज्या १२० हवी तर ११२३०२४८९६, ६० साठी १११४६३६२८८ आणि ३० साठी ११०६२४७६८० लिहा. भरण्याआधी ‘डेसिमल’ निवडा. चौकट आपसूक ‘हेक्साडेसिमल’वर असते. संगणक पुन्हा सुरू करायची गरज नाही, ‘प्रिव्ह्यू’ दाबले की फरक दिसतो. पसंत नाही पडले तर नोंदी काढून टाका, मूळ रूप परत येते.

प्रश्न : विंडोज एक्सपीतले ‘थ्रीडी पाइप्स’ हे स्क्रीनसेव्हर नव्या संगणकावर आणता येतील? त्यात चहाची किटली दिसायची, ती कुठे गेली?

उत्तर : एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून पाइप्स विंडोजमध्ये येत नाहीत. जुन्या एक्सपीच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरमधली पाइप्सची एससीआर फाइल कॉपी करा. तिच्यावर राइट-क्लिक केले की ‘टेस्ट’, ‘कॉन्फिगर’, ‘इन्स्टॉल’ दिसतात. बहुधा विनातक्रार चालते. ‘कॉन्फिगर’मध्ये एक पाइप की अनेक, सांधा कोपराचा, गोळ्याचा की मिश्र, पृष्ठभाग साधा की चित्राचा, हे ठरवता येते. ही फाइल इंटरनेटवरून मात्र उतरवू नका : एससीआर म्हणजे नाव बदललेला प्रोग्रॅमच, व्हायरस पसरवणाऱ्यांचे जुने आवडते वेष्टन.

किटली एक्सपीच्या आधीच्या आवृत्त्यांत, मिश्र सांधे निवडल्यावर, क्वचित एखाद्या सांध्याच्या जागी उगवायची. संगणकचित्रांचे संशोधक मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये यूटा विद्यापीठात संगणकावर घडवलेली हीच ती प्रसिद्ध किटली. एक्सपीच्या फाइलमध्ये ती शोधत बसू नका.

प्रश्न : १५ मिनिटांची वेळ लावली, तरी स्क्रीनसेव्हर येत नाही.

उत्तर : पॉवर सेटिंग्जमध्ये पडदा बंद होण्याची वेळ बघा. ती १० मिनिटे असेल तर स्क्रीनसेव्हरची पाळी येण्याआधीच पडदा काळा होतो. तिथे ठीक असेल तर ऑप्टिकल माउस उलटा ठेवून पाहा. चकचकीत टेबलावर त्याचा बाण हळूच थरथरतो आणि वेळ पुन्हा शून्यापासून मोजली जाते. व्हिडिओ चालू असतानाही स्क्रीनसेव्हर येत नाही, तो दोष नव्हे.